निपाणीची गाडी संकेश्वरला केव्हा पोचेल?

हलणारी कोणतीही वस्तू दिसली की तिचा वेग काढल्याशिवाय आमच्या मास्तरांना चैन पडत नसे. निपाणीच्या बाजारात एकदा बैल सुटला आणि तुकाराम कासाराच्या मागे लागला. लोक मिळेल त्या दुकानात शिरले. मास्तर आम्हा पोरांना घेऊन शाळेच्या पायरीवर उभे राहिले. "बैल ताशी आठ मैल, तुकाराम ताशी सहा, मधलं अंतर शंभर फूट. बैल त्याला केव्हा गाठील?" आम्ही पाट्या काढतोय तोवर चिंचेच्या झाडावरून तुकाराम ओरडला, "गाठला, मास्तर!" त्याच्या धोतराचा सोगा बैलाच्या शिंगात होता. मास्तरांनी आपलं उत्तर ताडून पाहिलं आणि म्हणाले, "चूक बैलाची आहे. वेग मध्येच वाढवायचा नसतो."

त्यांच्या गणितांत बहुधा बैलगाड्याच असत, म्हणून सारं गाव त्यांना गाडीमास्तर म्हणे. त्या गाड्या कधी मोडत नसत. बैल तहानत नसत. निपाणी सोडली की लागणारा तवंदीचा घाटसुद्धा त्यांनी खडूच्या एका रेघेत सपाट केला होता. "घाट गणितात नाही," ते म्हणत. "मग रस्त्यावर कशाला आहे?" असं मी विचारलं आणि छडी खाल्ली. तरी त्यांचा राग कुणाला येत नसे. पोरगं तापानं पडलं तर मास्तर त्याच्या उशाशी बसून पंख्यानं वारा घालत, आणि वारा घालताघालता गणितही घालत.

माझा मात्र त्यांच्यावर राग आहे. तंबाखूच्या धंद्यात मी शून्यातून वर आलो, चार व्यापारी मला वचकून असतात, पण तो राग काही गेला नाही.

सहावीच्या वार्षिक परीक्षेआधी आमच्या आप्पांनी बजावलं होतं, "नापास झालास तर शाळा बंद. तंबाखूच्या वखारीत बसायचं." मला कचेरीत कारकून व्हायचं होतं. खुर्चीवर बसून लोकांना "उद्या या" म्हणायचं होतं. परीक्षेत पाच गुणांचं गणित आलं. निपाणीहून आणि संकेश्वरहून सकाळी सहाला समोरासमोर दोन गाड्या निघाल्या; अंतर पंधरा मैल, वेग तीन आणि दोन मैल; निपाणीची गाडी संकेश्वरला केव्हा पोचेल? सगळ्यांनी लिहिलं, अकराला. मी लिहिलं, "त्या दिवशी पोचणार नाही. नऊला गाड्या भेटतील, गाडीवान बैल सोडतील, पानतंबाखूची चंची काढतील आणि बसतील."

मास्तरांनी भोपळा दिला आणि मी तेवढ्यानंच नापास झालो. मी आप्पांना घेऊन त्यांच्या दारात गेलो. मास्तर म्हणाले, "गणितातले गाडीवान एकमेकांना ओळखत नाहीत."

"आपल्या रस्त्यावर असा गाडीवान दाखवा," मी म्हणालो.

मास्तर हाडाचे खरे. "दाखवतो," म्हणाले.

त्यांनी दोन्ही गावांतून एकेक गाडी ठरवली. स्वतः घड्याळ घेऊन संकेश्वरच्या नाक्यावर बसले. मी निपाणीच्या गाडीत. वाटेत कणगल्याजवळ समोरची गाडी दिसली आणि आमच्या गाडीवानानं कासरा ओढून उडीच टाकली. "आवो, व्याहीबुवा!"

त्याची लेक त्या संकेश्वरच्या गाडीवानाच्या घरी दिलेली होती.

"मी गाडी माघारी वळवतो. आमच्या घरला जेवल्याबिगर सोडत न्हाय."

"अवो, मास्तरांचं गणित हाय. मला निपाणीला पोचायचंय," व्याही म्हणाला.

"मग निपाणीतच जेवायचं की! पोराचा बाप तुम्ही. वाटंत गाठ पडली आन् तसंच सोडलं म्हनल्यावर माझी लेक काय म्हनंल?"

दोन्ही गाड्या निपाणीला आल्या. कोंबडी कापली. मीही जेवलो. मास्तर दिवेलागणीपर्यंत नाक्यावर बसून होते. दुसऱ्या दिवशी चालत परत आले तेव्हा मी वेशीतच त्यांना गाठलं. "गाडी पोचली का?"

"नाही. तुझं उत्तर बरोबर निघालं."

"मग टाका पाच गुण."

"कारण चूक आहे. तू चंची लिहिलीस. निघाला व्याही."

मी चारावर आलो, तीनावर आलो, अडीचावर हटून बसलो. एवढी घासाघीस पुढं मी तंबाखूच्या भावातसुद्धा कधी केली नाही. ते म्हणाले, "हा काय वांग्यांचा वाटा आहे?" आणि निघून गेले. मी वखारीत गेलो.

त्यानंतर ते गणित दर वर्षी वाढत गेलं. "रस्ता सपाट आहे. बैल पाणी प्यालेले आहेत. गाडीवान एकमेकांचे व्याही, भाऊबंद अथवा साडू नाहीत. वाटेत जत्रा नाही." माझ्या धाकट्या भावाच्या वेळी तर गणित सांगून होईपर्यंत शाळा सुटायची. पोरं उत्तर काढायच्या भानगडीतच पडत नसत.

नोकरी संपल्यावर मास्तर शहापूरला लेकीकडे राहायला निघाले, तेव्हा मी मोटारस्टँडवर गेलो. पाया पडलो. मोटारीच्या खिडकीतून त्यांनी सगळं गणित मला म्हणून दाखवलं आणि हळूच विचारलं, "यात अजून काय राहिलंय का रे?"

असं त्यांनी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "गाडी संकेश्वरला जातीया कशाला, ते राहिलंय. रिकामी गाडी कोण पाठवतंय, मास्तर?"

मोटार सुरू झाली, हलली, तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, "पास! पास झालास रे!" सगळा स्टँड माझ्याकडे बघायला लागला. डोक्याला पटका, मिशा पांढऱ्या होत आलेल्या, आणि मी सहावी पास.

मी ओरडलो, "किती गुणांनी?"

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. पण तोवर धुरळा उठला होता. त्यांची माझी ती शेवटची भेट. वर्षाच्या आत ते वारल्याचा सांगावा शहापूरहून आला. स्टँडवरचा हमाल अजून शपथेवर सांगतो, "पाची बोटं व्हती, अण्णा, म्या बघितली." असतील. पण माणूस निरोप घेतानाही पाच बोटंच हलवतो.