बंबातलं पाणी

उन्हाळा लागला की आमचा आगीचा बंब पाण्याचा टँकर व्हायचा. मी त्या बंबावर नोकरीला होतो, पण आम्हाला विचारतं कोण? त्या दुपारी साहेबांच्या हुकमानं एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नात टाकी रिकामी करून निघालो, तोच कारेगावात कामगारांच्या खोल्या पेटल्याचा निरोप आला. टाकी भरून घेतो म्हटलं, तर साहेब खेकसले, "आधी पोचा! लोक बोंबलतायत."

घंटा वाजवत पोचलो. लोकांनी वाट करून दिली. एक बाई धावत आली. "मामा, सोडा की पाणी! माझी खोली अजून पेटली न्हाई."

मी पाइप उलगडला, आगीकडं धरला आन् तसाच उभा राहिलो. खाली ठेवला असता, तर तिला कळलं असतं.