‘बाहेर पडा’चं बटण

नेरूळच्या एका समुपदेशन केंद्राची वेबसाइट मी केली होती. घरी त्रास असलेल्या बायका तिथं यायच्या. फोनवर साइट उघडून भेटीची वेळ घ्यायची आणि काम झालं की ‘बाहेर पडा’ दाबायचं, एवढी साधी सोय.

एका दुपारी केंद्रातल्या मॅडमचा फोन आला. "अगं, दिवाळे गावच्या एक मावशी येतात आमच्याकडे. घरात एकच फोन. नवऱ्याने साइट उघडली तर मावशींचं नाव आणि बुधवारची वेळ समोर. खूप मारलं गं त्यांना. असं कसं झालं?"

मी काही न तपासताच म्हणाले, "त्यांनी बटण दाबलं नसेल, मॅडम. विसरतात लोक."

मॅडमना ते पटलं.

फोन ठेवल्यावर कोड उघडला. नाव आणि वेळ मी कुकीत ठेवत होते. कुकी म्हणजे ब्राउझरने जपलेली चिठ्ठी. साइटच्या ज्या पत्त्यावर ती ठेवली, पुसताना तोच पत्ता द्यावा लागतो. मी दिलाच नव्हता. बटण दाबलं की ‘तुम्ही बाहेर पडलात’ असं दिसायचं, पण चिठ्ठी तशीच राहायची. प्रत्येकीच्या फोनमध्ये.

मी ती ओळ दुरुस्त केली. मॅडमना मात्र काही कळवलं नाही.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कामासाठी केंद्रात गेले. मॅडम एका बाईंना त्यांच्याच फोनवर ते बटण दाखवत होत्या. बाईंचा डावा डोळा अजून काळानिळा होता.

"मी दर टायमाला दाबते," त्या म्हणाल्या. "मना वाचता येतं, मॅडम."

मी दारातच थांबले. मग कसंबसं बोलले, "मावशी, तुम्ही बरोबर दाबत होता. चूक माझी होती. मला त्याच दिवशी कळलं होतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मावशी मात्र बघत राहिल्या.

"मग माझ्या घरी येऊन सांगशील?"

"येते. आत्ता येते."

"नको," त्या म्हणाल्या. "तू आलीस तर आनखी वाढंल."

मावशींनी तो फोन पिशवीत टाकला आणि मॅडमना पुढची वेळ तोंडी विचारली. संध्याकाळी मॅडमनी मला साइटवरून भेटीची वेळ घ्यायचं पान काढायला सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.