चौकशीला आलेली माणसं

दादाने तेराशे रुपयांचे बूट आणले त्या दिवशी आमच्या घरात क्रेडिट कार्ड आहे हे आम्हाला कळलं. नव्वदचं दशक संपत आलेलं. डोंबिवली स्टेशनबाहेर रंगीत छत्रीखाली टाय लावलेली मुलं उभी असायची, पगाराची स्लिप दाखवली की फॉर्म भरून घ्यायची. दादा मानपाड्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. त्याने स्लिप दाखवली. आईने विचारलं, "एवढे पैसे कुठून आणलेस रे?" तर हा म्हणतो, "पैसे नाही दिले, कार्ड दिलं." "मग कार्ड गेलं?" "नाही गं, परत दिलं त्याने." पैसे दिले नाहीत, कार्डही परत आलं आणि वर बूट मिळाले, हे ऐकून आईला वाटलं पोरगं चोरी करून आलंय.

बुटांमागून म्युझिक सिस्टीम आली, मग आईसाठी वॉशिंग मशीन. आई त्यात कपडे टाकायच्या आधी ते हाताने धुऊन घ्यायची, मशीन खराब व्हायला नको म्हणून. मीही एक पंजाबी ड्रेस उकळला, उगाच खोटं का बोला. दर महिन्याला बिल यायचं आणि दादा त्यातलं 'मिनिमम' तेवढं भरायचा. हा शब्द तो असा म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं बँकेने त्याला सूट दिली आहे. व्याज महिन्याला शेकडा तीन. बूट फाटले, टाकून दिले, तरी त्यांचं व्याज चालूच. वर्ष-सव्वा वर्षात आकडा छत्तीस हजारांवर गेला आणि दादाच्या गालांचं पार चिपाड झालं.

आमच्याकडे फोन नव्हता. तळमजल्यावरच्या काकूंचा नंबर आम्ही सगळीकडे देत होतो, बँकेलाही तोच. त्यामुळे वसुलीसाठी एक गोड आवाजाची बाई आठवड्यातून दोनदा फोन करायची आणि काकू जिन्यातून हाक मारायच्या, "अरे, तुझी ती आली रे फोनवर!" दादा पांढराफटक चेहरा घेऊन खाली यायचा. काकूंना वाटायचं, लाजतोय.

नेमकं तेव्हाच माझं लग्न ठरत होतं. मुलगा ठाण्याचा, खोपटला एसटी डेपोच्या मागे राहणारा. दोनदा भेट झालेली. पोह्यांतल्या मिरच्या त्याने बशीच्या कडेला ओळीने लावून ठेवल्या होत्या आणि निघताना मलाच विचारलं होतं, "तुम्हाला काही विचारायचं नाही का?" तोवर सात जणांनी मला बघितलेलं. असं एकानेही विचारलं नव्हतं. मला तो आवडला, सरळ सांगते. रात्री उशीत तोंड खुपसून हसायचे मी.

आता फक्त चौकशी बाकी होती. म्हणजे मुलाकडचं कोणीतरी न सांगता यायचं आणि शेजारीपाजारी घराविषयी विचारून जायचं. आमच्या ओळखीतलं एक चांगलं जमलेलं लग्न वाण्याच्या उधारीवरून मोडलं होतं. इथे तर छत्तीस हजार! मी दादाला म्हटलं, "माझं लग्न तुझ्या बुटांपायी मोडलं ना, तर तुझ्या उरावर बसून राहीन जन्मभर."

दादाने त्यावर तोड काढली, बॅलन्स ट्रान्सफर. दुसरी एक बँक पहिल्या बँकेचं सगळं देणं एका झटक्यात चुकतं करणार, सहा महिने व्याज अगदी कमी लावणार. पहिल्या बँकेचे फोन बंद, कोणी चौकशी केली तरी पाटी कोरी. "आणि सहा महिन्यांनी?" आईने विचारलं. "तेव्हाचं तेव्हा बघू."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे मांजर पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून यायचं. अरे, मांजर वाट शोधत परत येतं. येताना पिल्लं घेऊन येतं." दादाने ऐकलं नाही. फॉर्म भरून टाकला.

आठवड्याभराने एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल. आम्ही कोणी घरात नव्हतो. काकू दारात कोथिंबीर निवडत बसलेल्या. त्याने विचारलं, हे कुटुंब कसं आहे, घर स्वतःचं आहे का, मुलाचा पगार किती, गावाकडे काही आहे का. काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुलाकडचा माणूस! त्यांनी त्याला आत बसवून सरबत दिलं आणि सुटल्या. घर स्वतःचं. (भाड्याचं होतं.) मुलाचा पगार विचारूच नका. गावाला आंब्याची बाग. (दोन झाडं, त्यांतलं एक चुलत्यांचं.) मुलगी तर नक्षत्र, स्वयंपाकात सुगरण, आणि भाऊ लग्नात काही म्हणजे काही कमी पडू देणार नाही. त्या बिचाऱ्याने मुलीविषयी काही विचारलंच नव्हतं, तरी लिहून घेत होता म्हणे.

पंधरा दिवसांनी नव्या बँकेचं कार्ड आलं. आधीच्यापेक्षा मर्यादा तिप्पट! दादा ते पाकीट हातात धरून खाटेवर बसला आणि म्हणाला, "अगं, यात जुनं कर्ज फेडून तुझं लग्न पण होईल." त्याचे डोळे चमकायला लागलेले. मी ओळखलं, आता हा हॉल, घोडा, बँड सगळं कार्डावर घेणार. मी पाकीट हिसकावलं आणि आईच्या हवाली केलं. आईने ते पिठाच्या डब्यात टाकलं.

तो फाइलवाला कोणाचा होता, हे तेव्हा कळलं. मी खाली गेले आणि काकूंवर तोफ डागली. "अहो काकू, तो बँकेचा माणूस होता! कोणी फाइलवाला आला की आंब्याची बाग कसली दाखवता? सांगायचं, आम्हाला काही माहीत नाही." काकू ओशाळल्या. कानाला खडा, म्हणाल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही सवय त्यांची नव्हती, माझी होती, हे मला दोन दिवसांनी कळलं.

कारण दोन दिवसांनी मुलाचा मामा आला. त्याच्याही बगलेत फाइल, सरकारी नोकरीतला माणूस, फाइलशिवाय घराबाहेर पडत नसेल. त्याने आमचं आडनाव घेतलं मात्र, काकूंनी दार अर्धं लोटून घेतलं. "ते इथे राहत नाहीत. गेले." "कुठे?" "काय माहीत! रातोरात गेले. आणि त्यांच्याकडे काही मिळायचं नाही तुम्हाला, घरात भांडंसुद्धा नाही." मामा चहासुद्धा न घेता खोपटला परत.

स्थळ आणणाऱ्या आत्याचा निरोप काकूंच्याच फोनवर आला. "मुलाकडचे नको म्हणतात. तुम्ही परागंदा झालात असं कळलंय." काकूंनी मला निरोप सांगितला आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मला रागाने काही दिसेना. काकूंचा राग, दादाचा राग, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. वर जाऊन तोच पंजाबी ड्रेस घातला आणि कोणाला न सांगता ठाण्याची लोकल पकडली.

मुलाच्या घरी सगळे होते. आई, मामा आणि तो. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. "आम्ही पळून गेलेलो नाही. आमच्यावर छत्तीस हजारांचं कर्ज आहे, भावाच्या कार्डाचं. हा ड्रेससुद्धा त्यातलाच आहे. काकूंना वाटलं तुम्ही बँकेचे. आणि बँकेचा माणूस आला तेव्हा त्यांना वाटलं तुम्ही आलात, म्हणून त्याला सरबत मिळालं." एवढं बोलून मला रडूच फुटलं. वेंधळ्यासारखी तिथेच बसले, चपलांच्या शेजारी.

मामाचं पोट हलायला लागलं. हसता हसता म्हणाला, "अगं, मी वीस वर्षं आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी आहे. माझ्यासाठी कोणी असं तोंडावर खोटं बोलेल का, सांग. शेजारीण जिवावर उदार होऊन दार लावते, ते घर वाईट नसणार." मुलाची आई म्हणाली, "हॉल घेऊ नका. गच्चीवर करा लग्न. ते पैसे आधी कर्जात भरा."

मुलगा मात्र लाल होऊन खाली बघत होता. त्याने मला एवढंच विचारलं, "मिनिमम भरत राहिलं तर बँकेचा माणूस घरी येतो का हो?" मला वाटलं, किती काळजी करतोय माझ्या भावाची! जीव ओवाळून टाकावासा वाटला.

हॉलचे पैसे कर्जात गेले, म्युझिक सिस्टीम विकली, उरलेलं दादाने ओव्हरटाइम करून फेडलं. नवं कार्ड आईने अडकित्त्याने कापलं. गच्चीवर लग्न झालं, जिलब्या काकूंनी स्वतः वाढल्या. पाठवणीच्या वेळी दादा माझ्यापेक्षा मोठ्याने रडला.

लग्नाला आठवडा झाला असेल. खोपटच्या घरी दुपारी कपाट आवरताना माझ्या नवऱ्याच्या शर्टांच्या घडीखाली एक पाकीट मिळालं. आत कार्ड. रंग ओळखीचा, बँक पण तीच, दादाची पहिली. सोबत बिल, एकवीस हजारांचं, आणि त्यावर पेनाने गोल केलेलं मिनिमम. संध्याकाळी तो आला, पाकीट माझ्या हातात बघितलं आणि दारातच उभा राहिला. "सांगणार होतो," म्हणाला. "त्या दिवशीच सांगणार होतो, पण तू रडायला लागलीस."

मी भांडले. मग हसले. मग परत भांडले. दुसऱ्या दिवशी पीसीओवरून काकूंकडे फोन लावून आईला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. आई म्हणाली, "पोचलं का मांजर तुझ्याआधी? जाऊ दे. दूध कुठे ठेवायचं नाही, ते आता तुला माहीत आहे."