पायरीच्या आत

आमच्या घरात शिंदीचा एक झाडू होता आणि तो घरासाठी नव्हता. त्यानं आई गावातल्या देवळाचं अंगण झाडायची. पायरीपर्यंत. पायरी चढायची आम्हाला मनाई. सुगीला त्याची ज्वारी मिळायची, ती उन्हाळ्याआधीच संपायची. मग एक वेळचं जेवण. बाप गेल्यावर तेही कधी कधी चुकायचं. तशात तिनं मला शिकवलं. घराण्यात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला. सांगण्यासारखं आहे, म्हणून सांगतो.

पुढे ओमानला नोकरी लागली. आईला वादी अदाईच्या फ्लॅटवर आणलं आणि मी तिथून लांब दुक्मला, रिफायनरीच्या कामावर अडकलो. पंधरा दिवसांनी घरी यावं, तर ती बाल्कनीतली वाळू झाडत असायची. ते बघून मला स्वस्थ बसवेना. ठरवलं, हिला जपानला न्यायचं. बुद्धाची एवढी मोठी देवळं, तिथं हिला कोण अडवणार?

सात दिवसांची सुट्टी मिळाली. साइटवर करतो तसं वेळापत्रक केलं, दिवसाला तीन ठिकाणं. पण नारा शहरात, मोठ्या बुद्धाच्या त्या अवाढव्य लाकडी दारासमोर तिचे पाय थांबले. गावी आपल्या पत्र्याच्या विहारात हीच बाई पहिल्या रांगेत बसते!

"तू ये जाऊन. म्या हाय हितं."

क्योटोतही तेच. लाल कमानींच्या टेकडीवर दगडी कोल्हे बघून म्हणाली, "ह्यो कोल्ह्याचा देव. आपल्याला काय त्याचं?" ते एक सोडून देऊ. पण बाकीच्या ठिकाणी? ती बाहेर बसायची, मी आत एक चक्कर मारून घड्याळ बघत परत. त्यात दुक्महून अर्बाबचा, म्हणजे मालकाचा फोन, "यल्ला, कब आता है?"

चौथ्या दिवशी माझा तोल गेला. "आई, एवढ्या लांब काय पायऱ्या बघायला आलो?"

"कुणी काय म्हणलं तर?"

"कोण म्हणणार? तिकीट काढलंय आपण!"

"तिकिटाचं न्हाई रे ते."

शेवटच्या दिवशी सामान घेऊन स्टेशनकडे निघालो होतो. वाटेत एक लहानसं देऊळ लागलं, माझ्या कागदावर नसलेलं. अंगणात एक म्हातारे भिक्खू पानं झाडत होते. आई थबकली.

"ह्यो हितला पुजारी?"

"हो."

"आन् सोताच झाडतोय?" जरा वेळ बघून म्हणाली, "वाऱ्याच्या तोंडाला झाडतोय. जल्मभर पुरंल त्याला."

मी काही बोलायच्या आत ती गेली आणि झाडूला हात घातला. भिक्खूंनी हसून सोडला. तिनं वाऱ्याच्या बाजूनं, झपाझप सगळं अंगण झाडून काढलं आणि पायरीशी येऊन थांबली. सवयीनं.

भिक्खूंनी तिच्या हातातला झाडू घेतला, भिंतीला टेकवला. चपला काढून वर चढले आणि दारातून तिला आत यायची खूण केली.

आईनं माझ्याकडं पाहिलं. "गाडी चुकंल."

"चुकू दे."

तिनं चपला काढल्या, पदर सारखा केला आणि पायरी चढली. मूर्तीसमोर मधोमध बसून तिनं मोठ्यानं त्रिशरण म्हटलं. भिक्खूही हात जोडून बसून राहिले.

गाडी चुकली. पासष्टाव्या वर्षी माझी आई पहिल्यांदा देवळाची पायरी चढून आत बसली.