अर्धी राहिलेली मूठ

शेजारची पोरगी रोज चारच्या सुमाराला माझ्या ओट्यावर येऊन बसते, तिच्या घरात रेंज न्हाय म्हणून. कॉलेज लांब, शिकणं मोबाइलवर. पुण्या-नागपुरातली चौघं आणि ही मिळून एकच चित्र काढतात, बायकांचा हात न दुखणाऱ्या खुरप्याचं. हिच्याकडं मूठ. "आवाज येतोय का?" हे तिचं ऐकून माझे कान किटले.

एक दिवस ती नुसतीच बसली. "आबा, माझी मूठ कुणीतरी पुसली. सगळे एकदमच चित्रात हात घालतात."

मी दुसरी नापास, पण जन्म विहिरीच्या पाळीत गेला. म्हणलं, "आमी चार भाऊ एका विहिरीवर. पाळी संपली की पुढच्याच्या दारात जाऊन 'माझं झालं, तू घे' म्हणायचं. तवर त्यानं पाण्याला हात लावायचा न्हाय."

"भांडणं न्हाय झाली?"

"लई झाली. पाण्यावरनं न्हाय."

तिनं त्या पोरांना तशाच पाळ्या लावल्या.

काल शेवटचा दिवस. पाचला चित्र द्यायचं होतं, पाळी हिचीच आणि हिची मूठ अर्धीच झालेली. तेवढ्यात नागपूरची पोरगी फोनवर रडकुंडीला आली. तिच्याकडं दिवसभर वीज नव्हती, पातं काढायचं राहिलेलं. हिनं आपली अर्धी मूठ तशीच ठेवली. मग थकल्या आवाजात म्हणाली, "माझं झालं, तू घे."

मी म्हणलं, "खोटं बोललीस."

"व्हय आबा," म्हणाली आणि चपला घालून गेली.

पन्नास वर्षं पाळी धरली मी. आपलं अर्धं रान कोरडं ठेवून भावाला पाणी सोडल्याचं मला काय आठवंना.