वेगळा टॉवेल

नव्वदच्या दशकात इंदापूरला स्टँडमागं माझं एका खोलीचं ब्यूटी पार्लर होतं. बारामतीला कोर्स केला, तिथल्या बाईंनी एकच गोष्ट डोक्यात भरवली होती: एकीच्या तोंडाचं दुसरीच्या तोंडाला लागता कामा नये. म्हणून स्टोव्हवर सदान्‌कदा पातेलं. त्यात टॉवेल, चिमटे, ब्लॅकहेड काढायची पिन, सगळं रटरट उकळायचं. शेजारीण म्हणायची, "पार्लर हाय का खानावळ?" हसा म्हटलं, हसा.

एका लग्नसराईत भिगवणकडची नवरी आली, जीपभर बायका घेऊन. चेहरा इतका नितळ, की मला करायला काही नव्हतंच. सोबत तिची चुलतबहीण, करवली. तिच्या हनुवटीवर पिकलेले फोड. फेशियल दोघींना हवं होतं. मी म्हटलं, "हिचं आज नको. डॉक्टरला दाखवा, फोड वाळू द्या." झालं! करवलीची आई उसळलीच.

"आमच्या पोरीला काय महारोग झालाय व्हय? नवरीला करायचं अन् करवलीला बाजूला बसवायचं? लग्नाच्या घरात असला दुजाभाव?"

दुजाभाव नव्हे हो, पू लागतो, म्हणून घसा फोडून सांगितलं. ऐकतंय कोण! शेवटी नवरीनंच बहिणीचा हात धरला. "हिला न्हाय तर मलाबी न्हाय," म्हणाली आणि उठली. गुणाची पोर. तिथंच घात झाला.

सगळ्याजणी गावातल्या दुसऱ्या पार्लरात गेल्या. पुढचं मला नवरीनंच नंतर सांगितलं. तिथं दोघींना शेजारी बसवलं, करवलीचे फोड टोचले, न धुता तीच पिन नवरीच्या गालावर आणि तोच टॉवेल दोघींच्या तोंडावर. हळदीच्या दिवशी नवरीचं तोंड फोडांनी भरलं. मेकअपनं झाका म्हणून मला बोलावणं आलं. मी ओरडून ओरडून तिला डॉक्टरकडं न्यायला लावलं. पण फोड काय एका दिवसात बसतात? लग्न तसंच लागलं.

पावसाळ्यात ती एकटीच आली, पदर पार नाकावर ओढून. फोड केव्हाच बरे झाले होते, खड्डे राहिले होते.

"ताई, काय लावून जातं का हे?"

नाही जात गं, म्हटलं. खोटं कसं बोलू?

"सासरी म्हणत्यात, रोग लपवून पोरगी दिली. माझं ताट निराळं, बादली निराळी, टॉवेल निराळा."

"अगं, आता तुझं कुणाला काही लागत नाही! डॉक्टरनं सांगितलं ना?"

"सांगितलं की. पर कोण ऐकतंय?"

मला रडूच फुटलं. आग लागो माझ्या त्या उकळण्याला. बहिणीला वेगळं बसवू दिलं नाही तिनं, आणि आता तिलाच घरात वेगळं काढलं होतं. माझ्या हातात काहीच नव्हतं. निदान चेहरा तरी पुसून द्यावा, म्हणून पातेल्यातला टॉवेल चिमट्यानं उचलला, पिळला आणि तिच्याकडं वळले.

ती एकदम मागं सरली.

"नगं ताई, तुमचा खराब व्हईल," म्हणाली, आणि पिशवीतून स्वतःचा टॉवेल काढला.