काठीएवढा हात

झाडं तोडणाऱ्या त्या माणसाला सगळे मापाडी म्हणत. झाड आडवं केलं की त्याचा शेंडा कुठवर पोचेल हे तो आधीच सांगायचा, आणि शेंडा तिथेच टेकायचा. त्याचं सगळं गणित एका काठीत होतं. काठी बरोब्बर डोळ्यापासून ताणलेल्या हाताच्या मुठीपर्यंतच्या अंतराएवढी. हात सरळ करून ती उभी धरायची आणि झाड तिच्याआड पुरतं झाकलं जाईपर्यंत मागे मागे जायचं. जिथे झाकलं, तिथे खुंटी. बुंध्यापासून खुंटीपर्यंत जेवढं अंतर, तेवढी झाडाची उंची. शाळेत गणिताच्या नावाने बोंब, पण या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

खुंटीच्या जरासं पलीकडे त्याची बायको उभी राहायची. शेंड्याकडे बांधलेला दोर ती ताणून धरी, म्हणजे झाड भलतीकडे कलंडत नसे. नवऱ्याच्या मापावर ती आपला जीव टाकून उभी असे, दुसरं काय!

मध्यंतरी तो फांदीवरून पडला आणि कोपर मोडून बसला. प्लास्टर निघाल्यावरचं हे पहिलंच झाड. मैदानाच्या कडेचं, वाळलेलं, कधीही कोसळेल असं. सकाळी बायकोने विचारलं, "हात कसा आहे?"

"ठणठणीत! तेच तेच काय विचारतेस?" तो खेकसला. खरं तर उठल्यापासून तो धास्तावलेला होता. पण घाबरलो म्हणायचं आणि तेही बायकोला? छे! तिने दोराला आणखी एक दोर जोडलेला बघून उलट त्यानेच चिडवलं, "अख्खं मैदान बांधून नेतेस की काय?" ती दोराची गाठ आवळत राहिली.

त्याने काठी धरली, मागे गेला, खुंटी ठोकली. मग बुंध्यात खाच पाडून मागच्या बाजूने मशीनची करवत लावली. मधल्या दाट झुडपांमुळे बायको दिसत नव्हती, नुसता ताणलेला दोर दिसत होता. करवत बंद करून त्याने चिरेत पाचर बसवली आणि ती ठोकायला हातोडा पुढे केला. हातोडा पाचरेपर्यंत पोचलाच नाही. त्याने हात आणखी ताणला. कोपरात कळ आली, पण हात काही सरळ होईना.

आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. सकाळीही हा हात असाच वाकडा होता! मूठ डोळ्याच्या जवळ, म्हणजे काठी दिसली मोठी, म्हणजे झाड जवळूनच झाकलं गेलं. खुंटी अलीकडे पडली होती. झाड तिच्याही पुढे जाणार होतं, थेट बायकोच्या डोक्यावर.

"अगं पळ! मागे हो!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. वाऱ्यात ते कुठे ऐकू जायला! अर्धवट कापलेलं झाड दोराच्या ओढीने कण्हायला लागलं. त्याने बुंध्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. वेडाच तो, असं झाड कोणाला धरून ठेवता येतं का? बुंधा त्याच्या मिठीतून निसटला, आणि मैदान हादरलं.

तो धडपडत, फांद्या तुडवत धावला. खुंटी मोडून पडली होती. शेंडा तिच्या बराच पुढे गेला होता, आणि बायको नेहमी उभी राहते ती जागा फांद्यांखाली गाडली गेली होती. वेड्यासारखा तो फांद्या उपसायला लागला.

"अहो, इकडे!"

ती कितीतरी लांब उभी होती. जोडलेल्या दोराचं टोक अजून हातात होतं.

"तुला... तुला कसं कळलं?"

"तुमचा हात सरळ होत नाही, हे मला रोज दिसतं. अंगरखा चढवताना दिसतं, भांडं उचलताना दिसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं की सकाळी!" तिचा आवाज चिरकला. "ठणठणीत म्हणालात."

तिने झुडपाकडे पडलेली काठी आणली आणि तिचं एक टोक त्याच्या डोळ्याखाली टेकवलं. "आता करा हात लांब. होतो तेवढाच. उगाच ताणू नका."

त्याने हात लांब केला. काठी मुठीच्या पुढे चार बोटं उरली. त्या उरलेल्या तुकड्याकडे बघता बघता तो तिथेच फतकल मारून बसला.

"मला सकाळपासून भीती वाटत होती गं," तो म्हणाला.

"मलापण," ती म्हणाली, आणि काठी कापायला तिने हातकरवत त्याच्यापुढे धरली.